आता तर मोजणं थांबवू नकोस

नाशिक

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गावाचं गटार तळ्यात यायचं थांबलं, पाणवेली काढून झाल्या, हे वाचून फार आनंद झाला. पण 'पाणी निवळलंय, आता तपासणीवर खर्च कशाला, असं समितीत सगळे म्हणतात' हे वाचून राहवेना, लगेच लिहायला बसलो.

अरे, खरी गरज आत्ताच आहे. गटार यायचं थांबलं तरी इतक्या वर्षांचा फॉस्फरस गाळात बसलाय. उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू संपला की गाळातल्या लोहाला चिकटलेला हा फॉस्फरस सुटतो आणि शेवाळाला पुन्हा खाद्य मिळतं. तुमचं तळं उथळ, वाऱ्यानंही ढवळतं. एखाद्या उन्हाळ्यात ते परत हिरवं झालं तर लोक म्हणतील, पैसे पाण्यात गेले. तेव्हा तुझ्याकडे आकडे हवेत.

सिअ‍ॅटलच्या लेक वॉशिंग्टनची गोष्ट मी वर्गात नेहमी सांगतो. १९५५ मध्ये तिथे ऑसिलेटोरिया रुबेसेन्स हे नीलहरित शेवाळ सापडलं. तिथल्या विद्यापीठातले प्राध्यापक डब्ल्यू. टी. एडमंडसन यांनी सांडपाण्यातला फॉस्फरस हे कारण दाखवून दिलं. १९५८ ला लोकांनी मतदानानं नवी यंत्रणा उभी केली आणि १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी तळ्यापासून दूर वळवलं. साठच्या दशकात उन्हाळ्यात साधारण मीटरभर खोलीवर दिसेनाशी होणारी सेक्ची तबकडी (पाणी किती नितळ आहे ते पाहायला दोरीनं खाली सोडतात ती) सत्तरीच्या सुरुवातीला तीनेक मीटरपर्यंत दिसू लागली. काम फत्ते म्हणून तिथेच वही मिटली असती. पण एडमंडसन मोजत राहिले, आणि १९७६ ला पाणी अचानक कितीतरी जास्त नितळ झालं! का, तर डॅफ्निया हे शेवाळ गाळून खाणारे बारीक जीव वाढले होते. त्यांना खाणारी निओमायसिस ही कोळंबीसारखी जात आधीच घटली होती. ऑसिलेटोरियाचे तंतू डॅफ्नियाच्या खाण्यात अडथळा आणायचे, तेही आता नाहीसे झाले होते. दरवर्षीची मोजणी नसती तर हे कोडं सुटलंच नसतं. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

आता तुमचं. नमुना घेण्याची जागा आणि वेळ बदलू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. शेवाळ असलेल्या तळ्यात दुपारी प्राणवायू भरपूर दिसतो आणि पहाटे तोच घसरलेला असतो. मासे मरतात ते त्या पहाटेच्या वेळी. म्हणून दुपारी बारा-दोनच्या नमुन्यावर विसंबू नका, सूर्योदयाआधीचाही घ्या. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायच्या विंकलर पद्धतीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड काठावरच बाटलीत घालायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही; टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबानं द्रावण घालून करायचं मोजमाप, नंतर केलं तरी चालतं. बीओडीची (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात त्या मापाची) बाटली मात्र बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. आपल्याकडे ती २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात. आंघोळीच्या पाण्यासाठी बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत आणि प्राणवायू किमान ५ हवा, एवढं समितीला सांगितलंस तरी आकड्यांना अर्थ येईल.

आकड्यांच्या शेजारी पाऊस, वारा, पाण्याची पातळी लिहा. आम्ही गोदावरीवर मुलांना हेच शिकवतो: गंगापूर धरणाचं आवर्तन सुरू असलं की पात्रात पाणी वाढतं आणि आकडे सुधारलेले दिसतात. वहीत 'आवर्तन चालू' एवढी नोंद नसेल तर पुढे वाचणारा फसणार. खाली नांदूरमध्यमेश्वरचं तर मला नेहमीच वाटत राहतं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा तो बंधारा, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पक्षी मोजायला उत्साहानं माणसं जातात. तितक्याच नेमानं पाणीही मोजलं जावं, अशी फार इच्छा आहे. सिंहस्थात सगळ्यांचं लक्ष नदीकडे असतं. मला काळजी असते ती नंतरच्या साध्या महिन्यांची.

खर्च अडत असेल तर सगळ्या चाचण्या दरमहा करू नका. तबकडी, तापमान, प्राणवायू दरमहा. फॉस्फरस आणि क्लोरोफिल (शेवाळ किती आहे ते यावरून कळतं) उन्हाळ्यात, पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि हिवाळ्यात. वीस सेंटिमीटरची काळी-पांढरी तबकडी मी बनवून ठेवतो, दिवाळीला येशील तेव्हा घेऊन जा. येताना आतापर्यंतची वही नक्की आण. गटार थांबण्याआधीची पानं मला आधी पाहायची आहेत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच