गजा, काकूले एक सांगायचं राहून गेलं

प्रिय गजा,

चार महिने झाले, तुह्या एकाही मेसेजले उत्तर दिलं नाही. रागावला असशील तं रागाव, हक्क आहे तुह्या. मी बरा आहे, बाबूजीची शुगर तशीच, आईचे गुडघे तेच.

सोनूले पोरगी झाली एप्रिलमध्ये. पाठीवर गाठ घेऊन. कमरेच्या वर मधोमध, लिंबाएवढी, वरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आतलं पाणी दिसत होतं. नर्सनं त्यावर ओलं गॉज ठेवलं, पोरीले पालथं निजवलं, आन् मले एकदम तुमच्या घरचा पाळणा दिसला. तुही बहीण मुन्नी बी तशीच पालथी राहायची. हे मी दुसऱ्या कोणाले लिहू सांग?

तिसऱ्या दिवशी नागपूरले ऑपरेशन झालं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बसलं म्हणून ऑपरेशनले पैसा लागला नाही, जाणंयेणं आन् राहणं मात्र सगळं उसनवारीचं. पाय हलवते, डावा कमी. डोक्यात पाणी भरते का म्हणून दर हप्त्याले टेप लावून डोकं मोजा लागते.

आन् गावात बायाईनं सुरू केलंच, सोनूच्या बायकोनं, वैशूनं, ग्रहणात काहीतरी कापलं असन म्हणून. ती पोट्टी आता भाजी चिरायले बसली तरी हात थांबतात तिचे.

तुले आठवत असनच. चौथीत होतो आपण, शाळेमागच्या कडुनिंबाखाली मी तुले म्हटलं होतं, तुह्या मायनं दिवाळीच्या ग्रहणात वांगे चिरले म्हणून मुन्नी अशी झाली. आजी बोलली ते मी बोललो. तू दगड मारला, दोन महिने बोलला नाही. दगड बरोबर होता तुह्या.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईनं मले कागदावर काढून दाखवलं. मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसात बंद होते, नाही झाली तं पाठीवर अशी गाठ येते. तवा बाईले फार तं तारीख चुकली एवढंच कळते, कधी तेही नाही. आता मोज. गणितात तू नेहमी माह्यं पाहूनच लिहायचा, तं आज सोबत मोज. ग्रहण 24 ऑक्टोबर 1995, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मुन्नी फेब्रुवारी 96 ची. म्हणजे ग्रहणाच्या वेळी काकूले, तुह्या मायले, पाचवा उलटून गेलेला. पाठीचं जे बिघडायचं ते जूनमध्येच बिघडून गेलं होतं, आन् त्या उन्हाळ्यात काकू काय करत होती? रोजगार हमीच्या तलावावर माती वाहत होती, भाकर, मिरची आन् कांदा खाऊन. आपण तिथंच तर खेळायचो बे.

आणखी एक ऐक, याच्यानं मले रात्रभर झोप नाही आली. ज्या बाईले असं एक लेकरू झालं तिनं पुढच्या वेळी गर्भ राहायच्या आधीपासून फॉलिक अॅसिड, म्हणजे एका जीवनसत्त्वाची गोळी, घेतलं तं पुन्हा असं व्हायचा धोका 72 टक्के कमी होते, हे 1991 मध्येच सिद्ध झालं होतं, सात देशातल्या बायाईवर. मुन्नीच्या पाच वर्ष आधी! काकूनं भीतीपायी पुढचं लेकरू होऊ दिलं नाही, आन् तिले कोणी एका शब्दानं सांगितलं नाही.

वैशूले तरी काय? सोनूचा जुलै-ऑगस्ट म्हणजे सगळा पैसा बियाणं-खतात, घरात रेशनचा भात आन् पातळ वरण. तूर पिकवते तो, पण विकून मोकळा होते. गोळी फुकट आहे, पण तिच्या हातात आली नोंदणी झाल्यावर, अडीच महिन्यानं. तोवर 28 दिवस कधीचे सरले. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी, ते 18 ते 20 आठवड्यात पाहाची राहते, तवा नोव्हेंबर, कापसाची वेचाई जोरात, एक दिवस गेला तं तेवढ्या किलोची मजुरी गेली. गेली सातव्यात. डॉक्टरीण म्हणे श्रीमंताघरी बी होते हे, पण ज्या घरी खाणं तोकडं आन् दवाखाना लांब तिथं जास्त. सोनू म्हणते फवारणीनंच झालं. बाई म्हणे औषधावर संशय आहे, पण या लेकराले त्याच्यानंच झालं असं कोणी सांगू शकत नाही. तरी त्यानं पंप गोठ्याबाहेर नेऊन ठेवला, हात लावत नाही. पेरणी तोंडावर आहे आन् मले समजत नाही त्याले काय म्हणू.

वैशूले पुढच्या वेळी आधीपासूनच जास्त पॉवरची, 5 मिलिग्रॅमची देणार. पण ती म्हणते मले दुसरं नोकोच. अगदी काकूसारखं म्हणते.

तुह्या बदलीचं झालं का? बुलेटचे हप्ते संपले असन तं आता पेट्रोल टाकून इकडं ये. भाचीचं लग्न जूनमध्ये ना, तिले सांगजो, लेकराचा विचार असन तं महिनाभर आधीपासून फॉलिक अॅसिड, रोज 400 मायक्रोग्रॅम. लाजू नोको, वहिनीकडून सांग.

आन् काकूले मी स्वतः भेटतो. त्या दिवशी तू रडत घरी गेला तवा तिनं सगळं ऐकलं होतं, नंतर मले चुलीपाशी बसवून भाकर दिली, बोलली काहीच नाही. मुन्नीची नेमकी तारीख तेवढी विचारून ठेवजो. मले महिनाच आठवते, आन् तिच्यापुढं बोटावर मोजून दाखवाचं आहे.

तुह्या,
बंडू