पाळी थांबते, एस्ट्रोजेन नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला लठ्ठपणा आणि स्तनाच्या कॅन्सरवरचा लेख वाचला. हेतू चांगलाच असणार. पण पाळी गेल्यावर बाईच्या शरीरात एस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन तयारच होत नाही, हे छापण्याआधी एखाद्या कॅन्सरतज्ज्ञाला फोन करायला काय हरकत होती? थांबतात ते बीजकोश. चरबीतलं अरोमाटेज नावाचं एन्झाइम अँड्रोजेनपासून, म्हणजे बायकांतही असणाऱ्या पुरुषी हार्मोनपासून, एस्ट्रोजेन बनवतच राहतं, आणि चरबी वाढली की तेही वाढतं. म्हणून तर लठ्ठपणामुळे वाढणारा धोका पाळी गेल्यानंतरच्या कॅन्सरमध्ये दिसतो. तुमच्या लेखाचा मुद्दाच इथे होता, नेमका तोच उलटा छापलात.

हे मनाला लागायचं कारण आमच्या वन्सं. त्यांची स्तनातली गाठ हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे एस्ट्रोजेनसारख्या हार्मोनवर पोसणारी. ऑपरेशन, रेडिएशन झालं, मग रोज लेट्रोझोलची एक गोळी. या गोळीने सांधे धरतात, सकाळी बोटं वळत नाहीत, हे खरंच आहे. त्यात एका लग्नात कुणा मावशींनी ज्ञान दिलं, "पाळी जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसले गं हार्मोन? सोड ती गोळी." वन्संनी सोडली. घरात कुणाला पत्ता नाही. औषधांच्या बिलात ती दिसेना म्हणून मी विचारलं, तेव्हा कळलं. ही गोळी त्या अरोमाटेजलाच अडवते, हे मग डॉक्टरांनी समजावलं आणि सांधेदुखीमुळे त्याच गटातलं दुसरं औषध दिलं.

त्या मावशींचं ज्ञान एका मांडवापुरतं होतं. आपला खप मोठा आहे.

लेप्टिन या चरबीतून येणाऱ्या हार्मोनवर मात्र सविस्तर परिच्छेद! ते 1994 साली सापडलं, भूक आवरतं, सगळं आलं. ते अरोमाटेजलाही जोर देतं, एवढंच राहिलं. सोबत चित्र काय, तर समोसा खाणारी, डोकं कापलेली जाडी बाई. आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 25 झाला की लठ्ठपणा धरतात. आमच्या वन्संना बघून कुणी जाड म्हणणार नाही, पण त्या 26 वर आहेत. आणि त्याच पानावर खाली पोट उतरवणाऱ्या चहाची जाहिरात. धन्य!

दुरुस्ती छापाल तर पुरवणीतच, ठळक छापा. छोट्या जाहिरातींच्या पानावर नको, ते पान वन्सं वाचत नाहीत.

आपली,
एक वाचक, सातारा

ता.क. शब्दकोड्याचं उत्तर गेल्या आठवड्यापासून येत नाहीये.