डॉक्टर मॅडम, तुम्ही उठून बाहेर गेलात त्याबद्दल

मॅडम, तुमचे आभार मानल्याशिवाय राहवत नाहीये म्हणून लिहितेय. ह्यांचा खोकला, रात्रीचा घाम, हटत नसलेला ताप आणि एक्स-रेत डाग, एवढ्यावर आधीचे डॉक्टर टीबी म्हणून मोकळे झाले, थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी गोळ्या चालूच, विचारलं तर उत्तर काय, "मुंबईत राहता ना, मग टीबीच." परळच्या आमच्या चाळीत बातमी पसरायला कितीसा वेळ! ह्यांचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं, आणि आमची चिऊ उंबऱ्यावर उभी राहून बाबाला शाळेतल्या गमती सांगायची.

कुठे जाऊन आलात, हे पहिल्यांदा तुम्हीच विचारलंत. अमेरिकेत ॲरिझोनात फिनिक्सजवळ बांधकामाच्या साइटवर होतो, खोदकाम चालू होतं, असं ह्यांनी म्हटल्यावर तुम्ही लगेच पेन खाली ठेवलंत. व्हॅली फीवर! तिकडच्या कोरड्या मातीत कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी असते, माती उकरली की तिचे बीजाणू धुळीबरोबर श्वासातून फुप्फुसात जातात, १ ते ३ आठवड्यांनी त्रास सुरू होतो, आणि टीबीच्या गोळ्यांनी ती बुरशी मरत नाही. बरेच जण औषधाशिवाय बरे होतात म्हणालात, ह्यांचं मात्र वाढलं होतं.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा चिऊ बाहेर बाकावर मामाजवळ होती. ओपीडीत ही गर्दी, तरी तुम्ही स्वतः उठलात, तिचा हात धरून आत आणलंत आणि ह्यांच्या मांडीवर बसवलंत. "हे बाबाकडून तुला नाही होत गं, खुशाल बिलग." ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग ह्यांच्या शर्टात तोंड खुपसून जी रडली! हे तुमच्या फीमध्ये नव्हतं मॅडम. अशी माणसं दवाखान्यात भेटतात म्हणून तर आजारी माणूस तग धरतो.

तिकडे कामाला जाणाऱ्या आपल्या पोरांसाठी तुमचंच सांगणं इथे लिहितेय. खोदकामाजवळ एन-९५ मास्क लावा, माती आधी पाण्याने भिजवा, धुळीचं वादळ आलं की काचा बंद करा, डायबेटिस असेल किंवा दिवस गेले असतील तर जास्तच जपा, कारण लस नाहीये. आणि परत आल्यावर ताप-खोकला हटत नसेल तर कुठून आलात ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा, कोणी विचारायची वाट बघू नका.

बुरशीवरचं औषध फ्लुकोनॅझोल चालू आहे, ताप गेलाय. पुढच्या तपासणीला सासूबाई पण येणार आहेत, रव्याचे लाडू घेऊन, प्लीज नाही म्हणू नका.