सॅक्सोफोन दिसला म्हणून?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आम्हा बॅप्टिस्ट पंथाच्या ख्रिस्ती लोकांच्या उपासनेतील संगीतावरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. राग निवळेल म्हणून सोमवारी सकाळी पुन्हा वाचला. निवळला नाही. लेखकमहाशयांची भाषा सभ्य आहे, वचनेही भरपूर दिली आहेत, त्याबद्दल त्यांना आधी नमस्कार. पण ‘पियानो आणि ऑर्गन ही आपल्या पूर्वजांची वाद्ये, बाकीची जगाची’ हे त्यांनी नेमके कोणत्या पूर्वजांना विचारून लिहिले?

लंडनचे बॅप्टिस्ट पाळक बेंजामिन कीच यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, भांडण झाले ते गीत गावे की गाऊ नये यावर. वाद्याचा प्रश्नच नव्हता. १६९१ साली दर रविवारी गायचे ठरले, तर काही सभासद मंडळीच सोडून गेले. एकोणिसाव्या शतकातले प्रसिद्ध बॅप्टिस्ट प्रवचनकार स्पर्जन यांच्या लंडनमधल्या मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकल या चर्चमध्ये हजारो माणसे एका गायकाच्या मागोमाग गात, ऑर्गन नव्हताच. पूर्वजांचेच ऐकायचे तर आमचाही पियानो बाहेर काढावा लागेल. तो कोणी उचलायचा तेवढे लेखकांनी कळवावे. बायबलातल्या स्तोत्र १५० मधले डफ आणि झांजा लेखात कुठेच नाहीत. त्या जुन्या करारातल्या मंदिराच्या, असे उत्तर मला तोंडपाठ आहे. मग पियानो कोणत्या करारात आहे?

मला हे सगळे इतके लागायचे कारण सांगतो. माझी मुलगी पंधरा वर्षांची असताना सॅक्सोफोन शिकत होती. अर्पणाच्या (दानाच्या) वेळी एक जुने, संथ गीत वाजवायचे म्हणून तिने सहा आठवडे तयारी केली. चाल गीतपुस्तकातलीच, एक स्वर इकडचा तिकडे नाही. उपासनेला दहा मिनिटे असताना मंडळीचे काम पाहणाऱ्या एका डीकनांनी तिला बाजूला घेतले. ‘बेटा, गीत चांगले आहे गं, पण हे वाद्य क्लबातले.’ तिने काही न बोलता वाद्य पेटीत ठेवले आणि आईशेजारी येऊन बसली. पेटी बाकाखाली मावेना, म्हणून उपासना संपेपर्यंत पायांवर घेऊन बसली होती.

पुढच्याच रविवारी पियानो वाजवणाऱ्या बाई आजारी. मग स्पीकरवर तयार साथ लावली. त्यात ड्रम होता, बेस गिटार होती आणि दुसऱ्या कडव्यानंतर चक्क सॅक्सोफोन! मी त्या डीकनांकडे पाहिले. डोळे मिटून तल्लीन झाले होते. म्हणजे वाद्य दिसले तर जगिक, पेटाऱ्यातून ऐकू आले तर उपासना. नंतर मी विचारले, तर म्हणाले, ‘ते वेगळे.’ कसे वेगळे, ते आजतागायत समजले नाही. मुलीने वाद्य सोडले नाही. आमच्या मंडळीत मात्र पुन्हा कधी आणले नाही.

लेखकांचा एक मुद्दा मान्य. सभागृहात अंधार, समोर पाच जण रंगात आलेले आणि बाकी मंडळी मुकाट उभी, हे मलाही रुचत नाही. गाणे मंडळीचे आहे, ते मंडळीच्या तोंडून ऐकू आले पाहिजे. पण ऑर्गन जोरात वाजला तरी मंडळीचा आवाज तसाच बुडतो, हे लेखात का नाही?

आणि शुद्धतेचाच विषय निघाला आहे तर हेही छापा: प्रत्येक गीताचे तिसरे कडवे गाळायचे कोणी ठरवले? ‘पहिले, दुसरे आणि शेवटचे’ ही घोषणा मी लहानपणापासून ऐकतो आहे. पहिल्या कडव्यात पिता, दुसऱ्यात पुत्र, तिसऱ्यात पवित्र आत्मा अशी बांधणी असलेल्या गीतात आपण दर वेळी कोणाला गाळतो, याचा विचार ढोलाला घाबरणाऱ्यांनी करावा. वीस मिनिटे सूचना वाचायला वेळ असतो, एका कडव्याला नसतो.

जाता जाता, लेखासोबतचे छायाचित्र. त्यातला भव्य पाइप ऑर्गन आणि वेदीवरच्या उंच मेणबत्त्या पाहता ते एखादे कॅथेड्रल असावे. आमच्याकडे समोर पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देण्याचा हौद असतो. पुढच्या वेळी त्याचे चित्र छापा.

आपला,
एक बॅप्टिस्ट वाचक