संगमरवराचा रवा सुटतो तेव्हा

महोदय,

सणावारांच्या आधी देवळांच्या पायऱ्या, गाभारे आणि घरातली देवघरे पाण्यात ॲसिड घालून धुण्याची पद्धत फार बोकाळली आहे. फरशी लगेच पांढरीशुभ्र दिसते, पण दगडाचा वरचा थर गेलेला असतो. संगमरवरावर हे कधीही करू नये.

संगमरवराच्या फुटक्या कडेवर साखरेसारखे कण चमकतात. चुनखडक उष्णतेने आणि दाबाने नव्याने स्फटिकला की त्यातल्या कॅल्साइट या खनिजाचे दाणे एकमेकांना भिडून वाढतात. त्यांना धरून ठेवणारे वेगळे सिमेंट मध्ये नसते. ॲसिड पृष्ठभाग खाते आणि दाण्यांच्या सांध्यांतून आतही उतरते. आधी झिलई जाते, मग खरखर येते आणि शेवटी बोट फिरवले की रवा हाताला लागतो. अशा दगडाला पॉलिशचे यंत्र लावले तर आणखी दाणे सुटतात. चिंच, लिंबू, दही हीसुद्धा आम्लेच. समई चिंचेने घासायची तर संगमरवरी ओट्यावर नको, आणि पंचामृताचा अभिषेक झाला की मूर्ती व चौथरा लगेच साध्या पाण्याने धुवावा.

उन्हानेही हेच घडते. तापल्यावर कॅल्साइटचा दाणा एका दिशेने प्रसरण पावतो, तर तिला काटकोनातल्या दिशेत किंचित आकुंचन पावतो. दाण्यांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना असल्याने ते एकमेकांना रेटतात, सांधे उघडतात आणि थंड झाल्यावरही पुरते मिटत नाहीत. हेलसिंकीच्या फिनलंडिया सभागृहाला (1971) लावलेल्या इटलीतल्या करारा संगमरवराच्या पातळ लाद्या अशाच वाकल्या. 1990च्या दशकाच्या शेवटी त्या बदलल्या, तर नव्याही वाकल्या. म्हणून ‘साखरेसारखा दाणा म्हणजे अव्वल माल’ हे दुकानातले बोलणे अर्धेच खरे. सरळ कडांचे दाणे लवकर सुटतात, दातेरी कडांनी एकमेकांत गुंतलेले जास्त टिकतात. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. मोठ्या कामासाठी दगड घेणाऱ्या देवस्थानांनी आणि नगरपालिकांनी त्याचा पातळ छेद (प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप) सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा.

क्वार्टझाइट हा संगमरवराहून कठीण दगडही असाच रवाळ दिसतो. चाकूने ओरखडा उठला तर संगमरवर, नाही उठला तर क्वार्टझाइट. परीक्षा न दिसणाऱ्या कोपऱ्यातच करावी.

रोज साधे पाणी पुरते. फार तर बादलीभर पाण्यात चमचाभर सौम्य द्रवसाबण, आणि नंतर स्वच्छ पाण्याने पुसणे. तेलाच्या डागासाठी खडूची पूड ॲसिटोनमध्ये दाट कालवून डागावर अर्धा सेंटिमीटर जाड थापावी आणि प्लास्टिकने झाकून 24 तास ठेवावी. मग प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्यावा, कारण वाळतानाच तो तेल ओढून घेतो. खरवडायला लाकडी पट्टी वापरावी. ॲसिटोन पटकन पेट घेते. दिवा-उदबत्ती विझवून आणि खिडक्या उघड्या ठेवूनच हे करावे. डाग राहिला तर लेप पुन्हा द्यावा. रवा सुटू लागलेल्या दगडावर मात्र लेपही नको, कारण तो निघताना दाणे घेऊन येतो.

— भूशास्त्राचा एक अभ्यासक