जनरेटर घेण्याआधी पंप बघा आणि जागा बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस तोंडावर आला की दापोली, गुहागर, श्रीवर्धनकडे जनरेटरची चौकशी सुरू होते. का होते ते इथल्या माणसाला सांगायला नको, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा नारळी-पोफळीच्या बागांबरोबर विजेचे खांबपण आडवे झाले, कित्येक गावांत लाईट यायला आठवडे लागले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. मी वायरिंगची आणि मोटारींची कामं करतो म्हणून लोक मलाच विचारतात, दादा किती केव्हीएचा, म्हणजे किती ताकदीचा घेऊ? त्याचं उत्तर इथेच देतो म्हणजे चार जणांपर्यंत पोचेल.

आधी हे बघा की जनरेटर हवाय कशाला. दिवे, पंखे, मोबाईल, वायफाय एवढ्यासाठी तो घेऊच नका, साधा इन्व्हर्टर पुरतो. नऊ वॅटचे पाच-सहा एलईडी आणि ७५ वॅटचे दोन पंखे मिळून २०० वॅटच्या आसपास होतात, १५० एएचची एक चांगली बॅटरी त्यावर पाच-सहा तास काढते, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे असतील तर जवळजवळ दुप्पट. आपल्याकडे खरं अडतं ते पाण्यावाचून. लाईट नाही म्हणजे विहिरीवरचा पंप नाही, आणि पंप घरच्या साध्या इन्व्हर्टरवर चालत नाही. म्हणून जनरेटर पंपाच्या हिशोबाने घ्यायचा.

१ एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण मोटार प्रत्यक्षात हजार-अकराशे वॅट ओढते, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट करंट घेते. तिथेच छोटा जनरेटर दम टाकतो. माझ्या मते १ एचपीच्या पंपाला ३ केव्हीएच्या खाली जाऊ नये, आणि बोअरची सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात सोडलेली मोटार असेल तर पंपाच्या प्लेटवरचे अँपिअर लिहून दुकानात न्या. जनरेटरवर मॅक्झिमम आणि रेटेड असे दोन आकडे असतात, दुकानदार मोठा दाखवतो, आपण रेटेड, म्हणजे सतत चालताना जेवढा लोड झेपतो तो धरायचा. पंप आधी सुरू करायचा, फ्रीज नंतर लावायचा.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. पाऊस लागतो म्हणून लोक जनरेटर पडवीत, गोठ्यात नाहीतर मागच्या खोलीत ठेवतात आणि खिडक्या-दारं बंद करून झोपतात. असं कृपा करून करू नका. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला रंग नाही, वास नाही, झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही आणि तो उठत नाही. एखादी खिडकी उघडी ठेवून भागत नाही. घरापासून निदान वीस फूट लांब, चारी बाजूंनी उघडी आणि वर पत्रा अशी शेड करा, सायलेन्सरचं तोंड घराकडे नको, आणि तिथून घरापर्यंत चांगली जाड केबल आणा. जनरेटर चालू असताना घरात कुणाचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर कारण शोधत बसू नका, सगळ्यांनी आधी बाहेर मोकळ्या हवेत या.

दुसरी तितकीच जीवघेणी गोष्ट म्हणजे दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर, एक टोक जनरेटरला, एक घरातल्या प्लगला. हा करंट मीटरमधून उलटा लाईनवर जातो, ट्रान्सफॉर्मरमधून उलटा गेला की ११ हजार व्होल्टपर्यंत चढतो, आणि तिकडे आपल्यासाठीच खांबावर चढलेला वायरमन लाईन बंद आहे समजून तारेला हात लावतो. चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एका वेळी एकतर बाहेरच्या लाईनला नाहीतर जनरेटरला जोडणारा स्विच, बसवल्याशिवाय जनरेटर घराच्या वायरिंगला जोडायचाच नाही, अर्थिंगसकट, आणि ते काम लायसनवाल्याकडूनच.

सोलर लावलाय, आता जनरेटर कशाला, असंपण हल्ली ऐकतो. छतावरच्या सोलरसाठीच्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी मिळते आणि ती जरूर घ्या, पण साधी ऑनग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेली बिनबॅटरीची सिस्टीम बाहेरची लाईट गेली की आपणहून बंद पडते, भर उन्हातसुद्धा, आणि ती मुद्दाम तशी केलेली असते, त्याच वायरमनच्या जिवासाठी. लाईट गेल्यावरपण चालायला हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी हे घेतानाच सांगावं लागतं.

पेट्रोल महिनोन्महिने टाकीत ठेवू नका, त्यात मिसळलेलं इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं आणि कार्ब्युरेटर खराब होतो. महिन्यातून एकदा लोड लावून चालवा.

आणि खरं सांगायचं तर प्रत्येक घराने घ्यायची गरज नाही. पाच-सहा घरांच्या वाडीने मिळून एक ५ केव्हीएचा चाकांवरचा घेतला, प्रत्येक विहिरीवर चेंजओव्हर बसवून ठेवला आणि पाळीपाळीने टाक्या भरल्या तर सगळ्यांचं भागतं, एरवी वर्षातले बरेच महिने तो पडूनच असतो. ग्रामपंचायतींनी पावसाआधीच्या आपत्तीच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्यावा, आयटीआयच्या सरांना बोलावून चेंजओव्हर कसा वापरायचा ते गावात दाखवावं, आणि आपल्या पेपरने मे महिन्यात धुराची आणि चेंजओव्हरची सूचना पहिल्या पानावर ठळक चौकटीत छापावी ही विनंती.

आपला वाचक,
एक वायरिंग कारागीर, ता. दापोली, जि. रत्नागिरी