डोसाच्या कार्डावर एक आकडा लिहा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ना. श्री. प्रकाश आबिटकर,
सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या एका गावात २६ वर्षं मेडिकलचं दुकान चालवतोय. आपण शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातले, राधानगरीचे. गावात रात्री नऊनंतर मेडिकलवाला म्हणजे काय असतो, हे आपल्याला सांगायला नको. आरोग्य केंद्राची ओपीडी कधीच संपलेली असते, डॉक्टरांनी शटर ओढलेलं असतं आणि लेकरं नेमकी तेव्हाच तापतात.

मग बाप येतो. गाडी चालूच ठेवतो. "ओ काका, पोराला ताप आलाय बगा. घरात बाटली हाय मागची. किती दिऊ?"

या "किती दिऊ" साठीच हे पत्र लिहितोय.

गावात लसीकरणाला कुणी लसीकरण म्हणत नाही, 'डोस' म्हणतात. दीड महिन्याचा, अडीच महिन्याचा, साडेतीन महिन्याचा. या तिन्ही वेळी पेंटाव्हॅलंटचं, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीचं, इंजेक्शन असतं आणि त्यानंतर एखादा दिवस बऱ्याच बाळांना ताप येतो. तो येणार हे नर्सबाईंना ठाऊक असतं, आशाताईला, आजीला, मलाही ठाऊक असतं. म्हणजे हा तारीख ठरलेला ताप. त्या सकाळी अंगणवाडीत काट्यावर बाळाचं वजनही होतं आणि कार्डावर लिहिलंही जातं. औषध किती द्यायचं हे ज्यावरून ठरतं, ते वजन सरकारच्या हातात सकाळीच असतं. मिलिलिटरचा आकडा मात्र लिहिला जात नाही. आई घरी जाते ती "ताप आला तर औषध द्या" एवढंच ऐकून. कधीकधी हातात पॅरासिटामॉलची ५०० ची गोळी असते आणि "पाव द्या" असं सांगितलेलं असतं. पाव गोळी म्हणजे १२५ मिलिग्रॅम. दीड महिन्याचं बाळ साडेचार किलोचं धरलं, तर त्याला किलोला १५ मिलिग्रॅमच्या हिशेबानं सत्तरसुद्धा लागत नाही. शिवाय गोळीचे चार सारखे तुकडे आजवर मलाही जमले नाहीत.

आता माझ्या फळीवरचं सांगतो. लहान मुलांचं पॅरासिटामॉल तीन तऱ्हेचं मिळतं. थेंबांची छोटी बाटली, तिच्यात एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. सिरप, त्यात ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५. आणि मोठ्या मुलांचं सिरप, त्यात ५ मिलिलिटरमध्ये २५०. सहा किलोचं बाळ घ्या. किलोला १५ प्रमाणे त्याला एका वेळी ९० मिलिग्रॅम पुरे. थेंबांच्या बाटलीतून ते होतं ०.९ मिलिलिटर, १२० च्या सिरपमधून पावणेचार, २५० वाल्यातून १.८. औषध एक, बाळ एक, आकडे तीन. खोक्यावर चित्र मात्र त्याच हसऱ्या बाळाचं, आणि मात्रेच्या जागी इंग्रजीत छापलेलं असतं, 'ॲज डायरेक्टेड बाय द फिजिशियन', म्हणजे डॉक्टर सांगतील तसं. रात्री साडेनऊला फिजिशियन कुठून आणायचा?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि तिच्यात चूक माझीही आहे. एका घरातल्या नातवासाठी मी आधी सिरप दिलं होतं, "अर्धं टोपण द्या" असं तोंडी सांगून. पुढच्या खेपेला सिरप संपलं होतं म्हणून थेंबांची बाटली दिली. दुकानात गर्दी होती, तरी ड्रॉपर दाखवला, रेघ दाखवली. पण न्यायला आलेला चुलता आणि पाजणारी आजी. आजीच्या डोक्यात अर्धं टोपणच पक्कं बसलेलं. दुसऱ्या दिवशी चुलता पुन्हा आला, "संपत आली, अजून एक द्या." पंधरा मिलिलिटरची बाटली दिवसात कशी संपत आली म्हणून विचारलं, तेव्हा कळलं. अडीच मिलिलिटर, चार वेळा. म्हणजे सहा किलोच्या बाळाच्या पोटात दिवसात एक ग्रॅम पॅरासिटामॉल, जिथं ९० चे चार डोस धरूनही ३६० च्या वर जायचं कारण नव्हतं. जास्तीचं पॅरासिटामॉल यकृतावर जातं. त्यांना तसंच सांगलीला पाठवलं. रक्त तपासलं, दोन दिवस ठेवून घेतलं, बाळ धडधाकट घरी आलं. आता ते पोरगं सायकलवर दुकानात चॉकलेट घ्यायला येतं. मी त्याला पैसे मागत नाही.

तेव्हापासून मी 'टोपण' आणि 'चमचा' हे दोन शब्द सोडले. चमचा म्हणजे कुठला? चहाचा, पोह्याचा, की आमटीचा? बिनसुईची सिरिंज देतो, तिच्यावर मार्करनं रेघ मारतो आणि खोक्यावर मराठीत लिहितो : इथपर्यंत, सहा तासांनी, दिवसातून चारच्या वर नाही. सिरिंज पाच-सात रुपयांची. काही जण तेवढ्यासाठीही "राहू द्या" म्हणतात, मग तशीच देतो.

औषधाच्या खोक्यावर काय छापायचं ते केंद्राचे नियम ठरवतात आणि अन्न व औषध प्रशासन हे खातंही आपल्याकडे नाही, हे मला माहीत आहे. म्हणून खोक्याचं मागणं आपल्याकडे करत नाही. डोसाचं कार्ड मात्र आपल्या खात्यामार्फत मिळतं. माता व बाल संरक्षण कार्डावर वजनाच्या रकान्याशेजारी एक रकाना वाढवा : 'ताप आल्यास पॅरासिटामॉल, थेंब ... मिलि., सिरप ... मिलि.' त्या दिवशीच्या वजनावरून नर्सबाई तो भरतील. गणित त्यांनीच करायला हवं असंही नाही, किलोनुसार छापील तक्ता समोर असला की बघून लिहायचं. जोडीला एक सिरिंज द्या. आणि खाली ठळक अक्षरात छापा, की लसीचा डोस दिलेला नसताना दोन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं, किंवा कुठलंही बाळ दूध ओढेना वा मलूल पडलं, तर घरी औषध पाजत बसू नका, थेट दवाखाना गाठा. हे वाक्य रात्री गाडीवरून आलेल्या बापाला मी सांगतो तेव्हा त्याला वाटतं, काकांना बाटली द्यायची नाही. सरकारी कार्डावर असलं तर पटेल.

ताप सोडून बाकीचेही प्रश्न येतात. खोकल्याचंच घ्या. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या औषधानं लेकरांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती दगावली. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. तेव्हा केंद्रानं पुन्हा बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा नकोत. महिनाभर लोक घाबरून होते. मग थंडी पडली आणि "काका, ते लाल औषध द्या" सुरू झालं. मी नाकात टाकायचे मिठाच्या पाण्याचे थेंब पुढे करतो. वर्षाच्या पुढचं लेकरू असेल तर मध चाटवा म्हणतो, वर्षाच्या आत मध अजिबात नको हेही सांगतो. आणि छाती उघडी करून श्वास मोजायला लावतो. दोन महिने ते वर्षापर्यंतच्या बाळाचे मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास, वर्षाच्या पुढे ४० किंवा जास्त, किंवा फासळ्यांखाली खड्डा पडत असेल, तर औषध मागू नका, गाडी मागा, १०८ ला फोन करा. मोबाईलमध्ये घड्याळ सगळ्यांकडे आहे, पण मोजायचं असतं हे कुणी सांगितलेलं नसतं.

जुलाबात लोक ओआरएसच्या, म्हणजे मीठ-साखरेच्या पुडीऐवजी खोक्यातलं गोड पाणी मागतात. त्या पेयांच्या नावातून 'ओआरएस' हा शब्द काढायला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२५ च्या ऑक्टोबरात लावलं, तोवर मीही ती विकली आहेत. पुडी मागणारे तरी कुठं नीट करतात? लिटरची अख्खी पुडी पेल्यात ओततात. लिटरची एक पुडी, एक लिटर पाणी. आणि झिंकच्या गोळ्या १४ दिवसांच्या नेतात, तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की उरलेल्या देवळीत.

"दूध पुरत नाही, डबा द्या" हा प्रश्न बायका हळू आवाजात विचारतात. पावडरच्या दुधाचा डबा विकण्यात माझा नफा आहे, तरी आधी विचारतो, दिवसात लघवी किती वेळा होते? सहा वेळा किंवा जास्त होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. पहिले सहा महिने पाणीसुद्धा नको. यावर सासूबाई माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात ती मला सवयीची झाली आहे. गुटी, काजळ, नाकात तेल, यावर लिहीत बसत नाही. तिथं माझं चालत नाही, आपलंही चालणार नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे बीडकडची ऊसतोड कुटुंबं येतात. त्यांच्या पालांवरची लेकरं तापतात तेव्हा कार्ड गावाकडे पेटीत असतं, वजन कुणालाच माहीत नसतं. मी माझ्या दुकानातल्या काट्यावर आईला बाळासकट उभं करतो, मग एकटीला, आणि वजाबाकी करतो. काटा अर्धा किलो इकडंतिकडं दाखवतो, म्हणून कमीच धरतो. या लोकांसाठी तरी आशाताईंकडे तक्ता आणि सिरिंज हवीच.

आणखी एक. आशाताईंची प्रशिक्षणं होतात, अंगणवाडीताईंची होतात. २६ वर्षांत मेडिकलवाल्याला बाळाच्या औषधाबद्दल कुणी अर्ध्या दिवसासाठीही बोलावलेलं नाही. कायद्यानं काउंटरवर फार्मासिस्ट हवा. मी आहे, पण मी जेवायला गेलो की बारावी झालेला पोरगा बसतो, आणि तालुक्यात हे माझ्या एकट्याच्या दुकानात होतं असं मानायचं कारण नाही. "किती दिऊ" ला त्या वेळी तोच उत्तर देतो. तालुक्याला वर्षातून एक दिवस ठेवा. दुकान बंद ठेवून येईन, त्या पोरालाही आणीन.

सोबत माझ्या काउंटरच्या काचेखाली ठेवलेल्या तक्त्याची झेरॉक्स जोडली आहे. ३ ते १५ किलो, तिन्ही बाटल्या. बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावी. साडेसात किलोच्या ओळीत मी एकदा खोडाखोड केली होती, तिथला बरोबर आकडा खालचा आहे.

आपला,
पलूस तालुक्यातला एक औषध विक्रेता